तेरची वाट आणि सरहद्दीची रेघ

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेल्या तेर या गावी बार्शीहून जाणाऱ्या प्रवाशाला आज कोणतीही सरहद्द ओलांडावी लागत नाही. वाटेत कोणी सामान उघडून पाहत नाही, खिशातले नाणे बदलून घ्यावे लागत नाही, आणि आपण कोणत्या मुलखाचे हे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु १९४८ पर्यंत हीच वाट दोन राज्यांमधून जात होती. बार्शी ब्रिटिश मुलखात होती, तेर निजामाच्या. मध्ये जकातीचे नाके होते. अलीकडचा रुपया वेगळा होता आणि पलीकडचा वेगळा. शेतातली ज्वारी एकच, घरातली भाषा एकच, आषाढीला निघण्याचे ठिकाणही एकच. तरीही नकाशावरील एका रेघेने सोयरे परमुलखातले ठरत होते. ती रेघ पुसली गेल्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली. आज देशोदेशी सरहद्दींविषयी इतक्या आवेशाने बोलले जात असताना, सरहद्द नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, याचा विचार तेरच्या निमित्ताने शांतपणे करता येण्यासारखा आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या नौकानयनाच्या ग्रंथात या नगराचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर, असे त्याचा अनामिक कर्ता सांगतो. पैठणहून मौल्यवान खडे, तगरहून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांतून, नीट रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचला उतरत असे आणि तेथून गलबतांत भरून पश्चिमेकडे रवाना होत असे. हे तगर म्हणजेच तेर होय, ही गोष्ट फ्लीट या विद्वानाने १९०१ मध्ये मांडली. १९५८ मध्ये येथे चापेकरांनी केलेल्या उत्खननाने सातवाहनकालीन समृद्धीचे पुरावे जमिनीतून वर काढले. ज्या तालुक्यांची नावे वर्तमानपत्रांत दुष्काळाच्या बातमीत येतात, त्यांच्या मध्यभागी असलेल्या या गावचे कापड एके काळी समुद्रापार जात होते.

त्याच ग्रंथात एक माहिती अशी आहे की, तिच्याकडे आजच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य लक्ष द्यावे. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते. परंतु सत्ता बदलल्यावर तेथील व्यापारात मोठा अडथळा निर्माण झाला आणि चुकून तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे पेरिप्लसचा कर्ता नोंदवतो. हा सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील संघर्षाचा परिणाम होता, असे इतिहासकार मानतात. पैठणहून भडोचपेक्षा कल्याण जवळ. तरीही तगरचे कापड दूरच्या वाटेने गेल्याचे दिसते. राजकीय सरहद्दीने व्यापार थांबवला नाही. तिने त्याची वाट बदलली, वाट लांबवली आणि वाढलेल्या खर्चाचा भार गाडीवानाच्या, विणकराच्या आणि गिऱ्हाइकाच्या माथी मारला. नाक्यावर जो बसला त्याची मात्र भर झाली.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला. त्याची साक्ष १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडली. तेथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवलेला होता. चांदी तीच, वजन तेच. बदलली ती मुद्रा. सरहद्द सरकली म्हणजे सामान्य माणसाच्या आयुष्यात काय घडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण. हातातले नाणे रात्रीत दुसऱ्या राजाचे होते, पण बाजारात उभा राहणारा माणूस आणि त्याच्या गाठोड्यातला माल तोच राहतो.

तेरची ओळख घडली ती याच बाजारपेठेमुळे. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई या गाडल्या गेलेल्या शहरात मिळालेली भारतीय हस्तिदंती मूर्ती यांच्यातील साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पांढऱ्या मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या येथील मूर्तींमध्ये रोमन जगाशी असलेल्या संपर्काच्या खुणा दिसतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या अशा वस्तूंमधूनच येथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. गावातील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक विद्वानांचे मत आहे. परक्या वाटेने आलेली कला, एका धर्माची वास्तू आणि दुसऱ्या धर्माची पूजा हे सारे या भूमीने पचवले आणि त्यातूनच तिचे स्वत्व उभे राहिले. बाहेरचे काही न स्वीकारता तेर घडले असते, तर आज तेथे संग्रहालयात ठेवण्यासारखे फारसे काही उरले नसते.

याच संदर्भात शिलाहार राजांचे बिरुद आठवावे. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर येथे राज्य करणाऱ्या या घराण्याच्या शाखा स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी म्हणवीत. त्यांचे राज्य तेरपासून कितीतरी दूर होते. तरी शिलालेखांत आणि ताम्रपटांत मूळ गावाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या कोरले जात राहिले. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत स्थायिक झालेला माणूस आपल्या नावापुढे गाव लावतो किंवा परदेशी गेलेले कुटुंब कुलदैवताला येऊन जाते, त्यामागे हीच भावना असते. माणसाची ओळख त्याच्याबरोबर प्रवास करते. ती सीमेवरच्या चौकीत जमा करून पुढे जाता येत नाही.

तेराव्या-चौदाव्या शतकात हेच गाव संत गोरोबाकाकांचे झाले. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के, हे पारखणाऱ्या या कुंभाराची कथा मराठी घरांतील मुलांना सांगावी लागत नाही. पुढच्या काळात तेर निजामाकडे आणि पंढरपूर इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात गेले, तरी वारी खंडित झाली नाही. वारकऱ्याच्या लेखी ही वाट एकाच देवाची होती. राज्यकर्त्यांनी मराठी मुलूख वाटून घेतला असताना त्याला एक ठेवण्याचे काम ज्या थोड्या गोष्टींनी केले, त्यांत ओवी, अभंग आणि पायी चालणारी माणसे यांचा वाटा मोठा आहे.

अर्थात, निजामी सरहद्द ही केवळ कागदावरची नव्हती. हैदराबाद संस्थानचे टपाल स्वतंत्र होते, सैन्य स्वतंत्र होते आणि चलनही स्वतंत्र होते. तेथील ‘हाली सिक्का’ रुपया आणि ब्रिटिश ‘कलदार’ रुपया यांचा भाव सारखा नव्हता. सुमारे सात हाली रुपयांना सहा कलदार पडत. १८०२ च्या तहाने आयात-निर्यातीवरील जकातीची मर्यादा शेकडा पाच ठरवली होती आणि ती वसूल करणारे ‘करोडगिरी’ खाते सरहद्दीवर नाके मांडून बसले होते. शेकडा पाच हा आकडा दिसायला लहान आहे. परंतु ज्याला कापूस वा गळिताचे धान्य सरहद्दीपलीकडच्या बाजारात नेऊन विकायचे होते आणि येताना मीठ, कापड व अवजारे आणायची होती, त्याला जकात आणि नाण्यांची बट्टवणूक या दोन्हींची झळ जाता-येता सोसावी लागे. जकात भरणे व्यापाऱ्याला परवडे, कारण तो ती पुढे ढकलू शके. शेतकऱ्याला ती पुढे ढकलायला कोणी उरत नसे.

अशाही परिस्थितीत वाहतूक थांबली नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९११ पर्यंत निजामाच्या मुलखात शिरून लातूरपर्यंत पोचली. अडीच फुटी रुळांवरून धावणाऱ्या या छोट्या गाडीने दोन राज्यांचा बाजार एकमेकांना बांधला; लातूर आणि बार्शी येथील अडतपेठांची भरभराट या जोडणीवाचून झाली नसती. सोलापुरात १८७७ पासून गिरण्या उभ्या राहिल्या आणि आसपासच्या निजामी खेड्यांतील मजुरांना तेथे काम मिळू लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तर सोलापूरच्या हातमागाला नाव मिळवून दिले. एका राज्यातील दुष्काळ आणि दुसऱ्या राज्यातील मजुरी यांच्यामध्ये सरहद्द आडवी आली नाही. ते तेलुगू बोलणारे विणकर आज सोलापूरकर आहेत; त्यांना परके म्हणणे सोलापूरच्याच इतिहासाला नाकारण्यासारखे होईल.

परंतु सरहद्दीचा एक परिणाम याहून खोल असतो. ती ‘आपले’ आणि ‘परके’ यांची व्याख्या कायद्याच्या शब्दांत लिहून ठेवते. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने नोकऱ्यांसाठी ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ असा भेद ठरवला गेला आणि त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आली. मूळ हेतू स्थानिकांना संरक्षण देण्याचा होता आणि त्यात तथ्यही होते. परंतु त्याच राज्यात मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला उच्च शिक्षण मात्र उर्दूतून घ्यावे लागे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम तेच होते. म्हणजे कागदोपत्री मुल्की असलेला तेरचा विद्यार्थी शाळेच्या दारात परकाच होता. सरहद्दीच्या आत राहिल्याने माणूस आपोआप आपला होत नाही, त्याला त्याच्या भाषेसह आत घ्यावे लागते, हा धडा शिक्षकांनी तरी विसरू नये. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास १९५८ हे वर्ष उजाडावे लागले.

या रेघेची खरी किंमत १९४७-४८ मध्ये मोजावी लागली. भारत स्वतंत्र झाला तेव्हा तेर, तुळजापूर, लातूर ही गावे स्वतंत्र भारतात नव्हती. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानेही प्रश्न सुटला नाही. रझाकारांच्या अत्याचारांमुळे असंख्य कुटुंबे घरदार सोडून बार्शी, सोलापूर या भागांत आली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्याचे कार्यकर्ते सरहद्दीवरील छावण्यांतून काम करू लागले. वर्षभरापूर्वी ज्या रेघेवर केवळ जकात द्यावी लागत होती, तीच आता जीव वाचवण्याची रेघ झाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आत शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाडा त्या दिवशी मुक्त झाला आणि तो दिवस अभिमानाने साजरा होतो, हे योग्यच आहे.

मात्र या कथेचे पुढचे पान वगळून तिचा अभिमान पुरा होत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत सूडाची लाट उठली. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानात एकूण २७ ते ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली असावीत असा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि रझाकारांच्या पापाशी त्यांतील असंख्यांचा काही संबंध नव्हता. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. आधी एका बाजूची कुटुंबे पळाली, मग दुसऱ्या बाजूची. दोन्ही वेळा माणसाचे वर्तन कोणी विचारले नाही. तो रेघेच्या कोणत्या बाजूचा समजला जातो, एवढेच पाहिले गेले. सरहद्दीवरून ओळख ठरवण्याची सवय एकदा लागली की ती गावाच्या आतही रेघा ओढू लागते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन झाले. तेलुगू, कन्नड आणि मराठी प्रदेश आपापल्या भाषकांना जाऊन मिळाले आणि १ मे १९६० रोजी मराठवाडा महाराष्ट्राचा भाग झाला. भाषावार रचना हा न्यायाचा विचार होता आणि लोकांना त्यांच्या भाषेत कारभार मिळाला, हे तिचे यश नाकारता येणार नाही. परंतु भाषेच्या सीमा पाटबंधाऱ्याच्या कालव्यासारख्या सरळ नसतात. उमरगा तालुक्याच्या पलीकडे आळंद आणि बसवकल्याणकडे मराठी घरे आहेत, तशी अलीकडे कन्नड घरे आहेत. बेळगाव, कारवार, निपाणीसह ८६५ गावांवरील महाराष्ट्राचा दावा, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला खटला हे सर्व याच न सुटलेल्या गुंत्याचे धागे आहेत. न्यायालयाचा निकाल लागेल तेव्हा लागो. तोपर्यंत तेथील मुलाला मराठी शाळा आणि सोलापूर-धाराशिवकडील मुलाला कन्नड शाळा सन्मानाने मिळत राहणे, हे दोन्ही सरकारांच्या हाती आजच आहे.

हा अनुभव एकट्या मराठवाड्याचा नाही. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे गेला, तेव्हा तेथील हजारो कुटुंबे जागची न हलता दुसऱ्या देशात गेली. आज त्याच सीमेवर मजुरांच्या येण्याजाण्यावरून निवडणुका लढवल्या जातात. उलट, ज्यांनी एकाच शतकात दोन महायुद्धे लढली, त्या फ्रान्स आणि जर्मनीने १९८५ च्या शेंगेन करारात सामील होऊन आपसातील सीमेवरची तपासणी उठवण्याचे ठरवले. त्यामुळे फ्रेंच माणूस जर्मन झाला नाही आणि जर्मन माणूस फ्रेंच झाला नाही. अर्थात, त्याच युरोपात निर्वासितांचे लोंढे आणि साथीचा रोग आला तेव्हा काही चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या. उघडलेली सीमाही जपावी लागते, एवढाच याचा अर्थ.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सरहद्दीवाचून राज्य चालत नाही. तो आक्षेप खरा आहे. कर कोणी गोळा करावा, कायदा कोणाचा चालावा, मतदान कोणी करावे आणि संरक्षणाची जबाबदारी कोणाची, हे ठरवायला रेघ लागतेच. शत्रूच्या हल्ल्याची भीती असलेल्या सीमेवर पहारा नको, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न सरहद्द असावी की नसावी हा नाही. जिचा उपयोग कारभारासाठी आहे, तिला माणसाची पारख करण्याचे काम सोपवावे काय, हा आहे. गोरोबाकाकांनी मडके पारखले ते वाजवून. ते कोणत्या गावच्या मातीचे, हे त्यांनी विचारले नाही.

आणि ही गोष्ट केवळ इतिहासाची नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, लातूरकडील ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला व राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले. माल मोकळा झाला. माणूस तितका मोकळा झाला काय, याचे उत्तर २०२० च्या मार्चअखेरीस मिळाले. टाळेबंदी पुकारताच राज्यांच्याच नव्हे, तर जिल्ह्यांच्याही सीमा बंद झाल्या. साखर कारखान्यांच्या परिसरात खोपट्यांत अडकलेल्या या कामगारांना गावी परतण्याची परवानगी मिळायला एप्रिल उलटत आला. साथीत निर्बंध अटळ होते, हे मान्य करूनही हा प्रश्न उरतोच की, साखरेचे पोते ज्या वाटेने जाऊ शकत होते, त्या वाटेवर ती साखर पिकवणारा माणूस मात्र संशयित का ठरला? ‘करोडगिरी’ गेली, पण तिची नजर एका रात्रीत परत येऊ शकते, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

त्या नजरेवर उपाय आहेत आणि ते फार दूरचेही नाहीत. शिधापत्रिकेवरील धान्य देशात कोठेही मिळण्याची सोय झाली आहे. ती फडावर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबापर्यंत खरोखर पोचते का, हे पाहणारी यंत्रणा हवी. ऊसतोड कामगाराचे मूल सीमेपलीकडे गेले की त्याचे शाळेतले नाव पटावर राहते आणि मूल मात्र शाळेबाहेर राहते. दोन राज्यांच्या शिक्षण खात्यांनी ठरवले तर त्याच्या सहा महिन्यांच्या शिक्षणाची सोय फडाजवळ त्याच्या भाषेत करता येण्यासारखी आहे. मतदानाच्या दिवशी गावापासून शेकडो मैल दूर असलेल्या मजुराचे मत वाया जाऊ नये, यासाठीही मार्ग काढता येईल. हक्क हे सातबाऱ्याप्रमाणे एका जागी ठेवण्याची वस्तू नाही. ते माणसाबरोबर चालले पाहिजेत.

तेरच्या संग्रहालयात शाळांच्या सहली येतात. तेथे मुलांना रोमशी झालेला व्यापार सांगितला जातो आणि त्यांचे डोळे अभिमानाने चमकतात. त्याच मुलांना हेही सांगावे की, ते कापड विणणारे, ते गाडीत भरणारे आणि परक्या बंदरात उतरवणारे लोक रेघा ओलांडत होते म्हणून तगर मोठे झाले. आणि त्यांच्या आजोबा-पणजोबांनी बार्शीच्या वाटेवर जकात भरली, काहींनी त्याच वाटेने जीव वाचवला आणि काहींना तोही वाचवता आला नाही. उद्या त्या वर्गातील एखादा मुलगा पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशात कामाला जाईल. तेथे त्याला जशी वागणूक मिळावी असे त्याच्या गावाला वाटते, तशीच वागणूक कामाच्या शोधात धाराशिवला आलेल्या परप्रांतीयाला मिळाली, तर दोन हजार वर्षांच्या या वाटेवरून चालण्याचा हक्क तेरने राखला असे म्हणता येईल.